आवराआवर

दिवाळी चार दिवसांवर आली की आमच्या घरात एकच शब्द घुमू लागतो. तो शब्द म्हणजे 'आवरा'. माळा आवरा, कपाट आवरा, ते पुस्तकांचे ढीग एकदाचे आवरा. वर्षभर ज्या वस्तू आपापल्या जागी सुखाने नांदत असतात, त्यांच्यावर या चार दिवसांत अचानक संक्रांत येते. मी स्वभावाने आवरणारा माणूस नाही. वस्तू जिथे सापडते तीच तिची जागा, असे माझे साधेसुधे तत्त्वज्ञान आहे. पण आयुष्यात एकदा मला आवराआवरीचा मोठा झटका आला होता. तो २०१२ साली आला आणि सात-आठ महिने टिकला. त्यात मी माळा आवरला नाही की कपाट आवरले नाही. मी आमचे सगळे कुटुंबच आवरायला काढले होते. त्याचीच हकीकत आज सांगणार आहे.

निमित्त होते आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचे. आईच्या जन्मतारखेची नोंद कुठेही नाही. "रझाकारांच्या वेळी मला सतरावं सरलं होतं," एवढीच तिची जन्मपत्रिका. हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले ते १७ सप्टेंबर १९४८ ला. तेव्हा त्यातून सतरा वजा करून आम्ही तिचे वय ठरवले, आणि २०१२ साली तिने हजार पौर्णिमा पाहिल्या असे सर्वानुमते जाहीर केले. पुण्याच्या धाकट्या भावाने फोनवरून सूचना केली, "दादा, घरच्या सगळ्या कॅसेटींमधून निवडून एक डीव्हीडी करू. आईला बसल्या जागी सगळं पाहता येईल. करशील ना? तुला काय, शाळेला सुट्ट्याच सुट्ट्या!"

शिक्षकाला सुट्ट्याच सुट्ट्या असतात हा समज ज्याने पसरवला, त्याच्यासाठी यमपुरीत एक स्वतंत्र परीक्षाकेंद्र असले पाहिजे. पण मी 'हो' म्हणालो. काम फार तर आठ दिवसांचे वाटत होते.

आमच्या हिंगोलीच्या घरात लोखंडी पेटीच्या तळाशी कॅसेटी होत्या. काढून मोजल्या तर चौदा भरल्या. सात जुन्या, विटेएवढ्या, अर्धा इंच रुंद फितीच्या व्हीएचएस; आणि सात काड्यापेटीहून थोड्या मोठ्या, भावाच्या कॅमेऱ्यातल्या. दोन-तीन मोठ्या कॅसेटींच्या फितीवर पांढरी बुरशी धरली होती. त्या वर्षी आमच्याकडे नांदेडचा भाचा सुट्टीत आला होता. तो संगणक शिकत होता आणि आपल्या मामाला शिकवण्याची त्याला भारी हौस होती. बुरशी आलेली कॅसेट तशीच यंत्रात घातली तर यंत्राचे डोके घाण होते आणि मग ते चांगल्या कॅसेटीही खराब करते, हे त्याने मला पहिल्या दिवशी सांगितले. वर्गात एका वात्रट मुलामुळे सगळा वर्ग बिघडतो, हे मला माहीतच होते. मी त्या कॅसेटी वेगळ्या बसवल्या.

दुसरा धडा वेळेचा होता. कागदाची नक्कल यंत्र क्षणात काढते. फितीची तशी निघत नाही. तासाभराची कॅसेट संगणकात उतरवायला तासच लागतो. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चालावी लागते, आणि तिच्याबरोबर आपणही. आमच्या चौदा कॅसेटी मिळून एकोणीस तास निघत होते. त्यात भारनियमनाचे दिवस. चाळीस मिनिटे कॅसेट चालली, की वीज जाई आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. मी रात्री अकरानंतर बसू लागलो. त्या अवेळी माझ्या खोलीतून सनईचे सूर ऐकून शेजारच्या आजोबांनी एकदा काळजीने विचारले, "गुरुजी, घरात कोणाचं लग्न ठरलंय की काय?"

लग्न होते, पण १९९४ सालचे. आमच्या धाकट्या बहिणीचे. वसमतच्या कार्यालयात झालेले. कॅसेट सुरू झाली की आधी फिरत्या फुलांमधून अक्षरे पुढे येत, वधूवरांची नावे, आणि खाली 'ता. वसमत, जि. परभणी'. भाचा ओरडला, "मामा, हे चुकलं! आपला जिल्हा हिंगोली." मी म्हणालो, "चुकलेलं नाही. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. तुझ्या आईचं लग्न परभणी जिल्ह्यात झालं आणि घर न हलता आम्ही हिंगोली जिल्ह्यात आलो." आईबापाचे लग्न आपल्या हाताने कापायला बसलेला तो पोरगा जिल्ह्याच्या या कोलांटउडीने मोठा खूश झाला.

मग आली जागेची अडचण. डीव्हीडीच्या तबकडीवर छापलेले असते ४.७ जीबी. संगणकात घातली की तो म्हणतो ४.३८. मला वाटले, आमच्या मोंढ्यात हळदीच्या पोत्यामागे कडता कापतात तसाच हा प्रकार असावा. भाच्याने समजूत काढली. तबकडी विकणारा हजाराच्या हिशेबाने मोजतो आणि संगणक १०२४ च्या हिशेबाने. माल तेवढाच, मापे दोन. या मापात चांगले चित्र हवे असेल तर तास-सव्वा तास बसतो, थोडी तडजोड केली तर दोन तास. त्याहून जास्त कोंबले तर चित्राचे चौकोनी तुकडे दिसू लागतात. म्हणजे एकोणीस तासांतून दोन तास निवडायचे आणि सतरा टाकायचे. तोवर मला हे काम ठेवण्याचे वाटत होते. ते टाकण्याचे आहे, हे आता ध्यानात आले.

आणि नेमका तेव्हाच पुण्याहून दुसरा फोन आला. भाऊ म्हणाला, "दादा, एक गोष्ट आहे. काका त्यात दिसता कामा नयेत."

इथे थोडे मागे जायला हवे. आमचे आबा २००५ साली वारले. ते गेल्यावर वर्षाच्या आतच वसमत तालुक्यातल्या आमच्या शेतीच्या एका बांधावरून काका आणि आम्ही भाऊ यांच्यात वाजले. बांध हातभर सरकला होता की नव्हता, हा वाद. शेतकऱ्याच्या घरात हातभर बांध हा फार मोठा पदार्थ असतो. प्रकरण कोर्टात गेले आणि येणेजाणे बंद झाले. भाऊ म्हणतो त्यात वावगे काही नव्हते. ज्याच्याशी आपण बोलत नाही त्याला टीव्हीवर हसताना आईने का पाहावे?

मी कामाला लागलो. पण लग्नाची कॅसेट पाहू लागलो तसा घाम फुटला. काका नाहीत अशी जागाच सापडेना! मांडव घालताना काका, वऱ्हाड उतरवताना काका, भट्टीजवळ आचाऱ्याला दटावताना काका, पंगतीत जिलबी वाढताना काका. आबा एका बाजूला गंभीर चेहऱ्याने उभे आणि सगळे लग्न काकांच्या दोन हातांवर चाललेले. त्यांना कापून जोडले की वऱ्हाड आपोआप बसमधून उतरे आणि जिलबी आकाशातून पानात पडे. भाचा म्हणाला, "मामा, हे लग्न नाही वाटत, हा जादूचा प्रयोग वाटतो."

त्या कॅसेटीत मला आणखी एक गोष्ट जाणवली. ती काकांहून जड होती. लग्नाच्या व्हिडिओवाल्यांची तेव्हा एक पद्धत होती. कॅमेऱ्यात चित्राबरोबर आवाजही येई. पण नंतर 'मिक्सिंग' करताना मंगलाष्टके तेवढी ठेवून बाकी सगळ्या आवाजावर ते सिनेमाची गाणी चढवीत. लोकांना तेच आवडे. आम्हांलाही तेव्हा ते फार आवडले होते. त्यामुळे त्या तीन तासांत शे-दोनशे माणसे बोलत होती, हसत होती, रडत होती आणि एकाचाही शब्द ऐकू येत नव्हता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरानवरीला घेऊन आम्ही औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलो होतो. व्हिडिओवाला तिथेही बरोबर होता. देवळाच्या मागच्या बाजूला आबा नव्या जावयाला हात करून नंदी दाखवीत आहेत आणि काही सांगत आहेत. काय सांगत आहेत ते मला पाठ आहे. आमच्या भागातल्या पोरासोरांनाही पाठ असते. नामदेव महाराज देवळापुढे कीर्तनाला उभे राहिले, लोकांनी त्यांना मागे हाकलले, ते मागे जाऊन गाऊ लागले, आणि ते ऐकण्यासाठी देवळानेच तोंड फिरवले. नंदी मात्र होता तिथेच राहिला, म्हणून तो देवळाच्या पाठीशी. आबांचे ओठ हलतात, हात नंदीकडे जातो, जावई मान डोलावतो. आणि वर एक भक्तिगीत धो धो वाजत असते. मूळ कॅमेऱ्यातली कॅसेट मिळेल म्हणून त्या व्हिडिओवाल्याचा शोध घेतला. त्याने धंदा कधीच बदलला होता. म्हणाला, "गुरुजी, ती कॅसेट पुढच्या लग्नाला पुसून वापरली. तेव्हा कॅसेटी किती महाग होत्या!"

ज्या आवाजासाठी देऊळ फिरले अशी गोष्ट आबा सांगत होते, आणि आमच्याकडे त्यांचाच आवाज नव्हता. मी बाकीच्या कॅसेटी कान देऊन तपासल्या. एकीत हिंगोलीचा दसरा होता. रामलीला मैदानावरचे प्रदर्शन, आकाशपाळणे आणि पेटलेला रावण. आबा गर्दीत पाठमोरे. एकीत वसमतच्या स्टेशनावर धूळ उडवीत येणारी मीटरगेजची गाडी. आता तो पूर्णा-अकोला मार्ग रुंद झाला आणि ती छोटी गाडी फक्त आमच्या कॅसेटीत धावते. आबा खिडकीतून हात हलवतात, पण आवाज इंजिनाचा. आबा मितभाषी होते आणि कॅमेरा दिसला की मुके होत. सात वर्षांत त्यांचा आवाज माझ्याही कानातून निसटत चालला होता. ते काय बोलत ते आठवे. कसे बोलत ते आठवेना. हे मी कोणालाच सांगितले नव्हते, आईला तर नाहीच.

या खिन्न मनःस्थितीत मी एक मोठा अपराध केला. मी नीटनेटका झालो.

झाले असे. अकरा रात्री खपून आम्ही पाऊण तासाची जोडणी संगणकावर तयार केली होती. पण संगणकात सगळा गोंधळ होता. 'लग्न', 'लग्न नवीन', 'लग्न खरे', 'लग्न शेवटचे', 'लग्न शेवटचे २' अशी फाइलींची नावे. एका रविवारी भाचा नांदेडला गेलेला पाहून मी सगळे आवरले. वर्षांप्रमाणे कप्पे केले, प्रत्येक फाइलीला शुद्ध मराठीत नवे नाव दिले, ऱ्हस्वदीर्घही तपासले. पाहून डोळे निवले. मग मोठ्या समाधानाने जोडणी उघडली, तर पडद्यावर चित्रांच्या जागी सगळीकडे लाल चौकोन आणि प्रत्येकावर एकच वाक्य : फाइल सापडत नाही.

भाच्याला फोन लावला. तो आधी बराच वेळ हसला. मग म्हणाला, "मामा, सातबाऱ्यात शेत असतं का?"

"नसतं. शेत शेतात असतं."

"तसंच आहे. आपण जी जोडणी केली तिच्यात चित्र नसतंच. अमक्या कप्प्यातली अमकी फाइल, अमक्या सेकंदापासून अमक्या सेकंदापर्यंत, एवढी यादी असते. तुम्ही गटनंबरच बदलून टाकले. आता सातबारा घेऊन कुठं शेत शोधायचं?"

ज्या माणसाचे घर सातबाऱ्यापायी दुभंगले त्याला याहून चांगली उपमा कोण देणार! पुढचे पाच दिवस एकेक लाल चौकोन घेऊन त्याची फाइल त्याला दाखवून देण्यात गेले. त्यातून जे शहाणपण मिळाले ते थोडक्यात सांगून टाकतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. आवरायचे ते कामाच्या आधी. काम सुरू झाल्यावर नाही. प्रत्येक कॅसेटीला आधी नंबर द्यावा आणि तोच फाइलीला द्यावा. तारीख घालायची तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे संगणक आपोआप क्रमाने लावतो. चित्रे, आवाज, फोटो आणि ती यादी हे सगळे एकाच मोठ्या कप्प्यात असावे, म्हणजे बिऱ्हाड हलवायचे झाले तर सगळे एकदम हलते. आणि त्या कप्प्याची आणखी एक नक्कल दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या घरात ठेवावी. वर्गातल्या मुलांना मी वर्षानुवर्षे समासाचे नियम शिकवले. ते त्यांनी पाळले की नाही देव जाणे. पण हे नियम मी तेव्हापासून पाळतो आहे.

हे निस्तरत असताना भावाच्या कॅमेऱ्यातून मध्येच चित्र तुटू लागले. भाचा परत आला होता. त्याने डोके साफ केले आणि म्हणाला, "चांगल्या कॅसेटीवर प्रयोग नको. एखादी रिकामी द्या." सात छोट्या कॅसेटींपैकी एकीवर भावाच्या अक्षरात लिहिले होते, 'रिकामी'. मी ती पहिल्याच दिवशी बाजूला काढली होती. एकोणीस तासांच्या हिशेबात तिची गणनाही नव्हती. ती यंत्रात घातली. निळा पडदा. "थोडा वेळ चालू द्या, डोकं नीट झालं का कळेल," असे म्हणून भाचा जेवायला बसला आणि मीही त्याच्याबरोबर बसलो.

आई माजघरात तांदूळ निवडत होती. पंधरा-वीस मिनिटे झाली असतील. एकाएकी तिचा हात थांबला. ती आमच्याकडे न पाहता म्हणाली, "आरं, तुझे आबा बोलायलेत."

मी उठलो. आतल्या खोलीतून खरोखरच आवाज येत होता. पडद्यावर आमचे शेत होते. २००३ साल, महाशिवरात्रीच्या सुमाराचे दिवस; भाऊ नवा कॅमेरा घेऊन आला होता. हळद काढून झाली होती आणि कढईवर शिजत होती. वाफेचा पांढरा लोट, त्याच्या आडून लाल मुंडासे. आमच्या भागात हळद शिजवणे हे जबाबदारीचे काम. कमी शिजली तर ठिसूळ होते, जास्त शिजली तर रंग उतरतो. फेस आला, वाफेला तो खास वास सुटला की नेमके थांबायचे. आबा कढईपाशी वाकून वास घेत होते आणि समोर चुलवणात लाकडे सारीत काका बसले होते.

"धाकल्या, जाळ कमी कर," आबा म्हणाले. "कमी कर रं. रंग जाईल. आन् पोरा, तू बंद कर ते. कशाला उगं बॅट्री जाळायलास?"

काका हसून म्हणाले, "जळू द्या की दादा. तुमचाबी फोटू निघंल."

आणि आबांनी सांगितले म्हणून भावाने कॅमेरा बंद केला. पुन्हा निळा पडदा.

सगळे मिळून अकरा सेकंद. भावाने पुढे नवी कॅसेट म्हणून पाहिली असेल, सुरुवातीला काही नाही म्हणून 'रिकामी' लिहून टाकली असेल. आई उंबऱ्यात उभी होती. तिच्या मुठीत तांदूळ तसेच होते. ती म्हणाली, "हेच बोलणं. आस्संच." मग म्हणाली, "पुन्हा लाव."

त्या रात्री मी ते अकरा सेकंद किती वेळा लावले ते सांगत नाही.

आता प्रश्न उभा राहिला. आबांचा आवाज हवा तर काका येणारच. भाचा म्हणाला, "मामा, तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. आवाज आणि चित्र वेगळं करता येतं. आबांचा आवाज ठेवू आणि वर नुसतं शेताचं चित्र लावू. 'धाकल्या' एवढा शब्द आणि शेवटचं हसणं उडवू." पोरगा हुशार, सगळे त्याला करता येत होते. पण ऐकताना मला तो लग्नाचा व्हिडिओवाला आठवला. त्यानेही हेच केले होते. चांगल्या हेतूने, लोकांना आवडेल म्हणून, खऱ्या आवाजावर दुसरे काही चढवले होते.

मी फोन लावला आणि काही न बोलता फोन संगणकाजवळ धरून ते अकरा सेकंद भावाला ऐकवले. तिकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मला वाटले, लाइन तुटली. मग तो म्हणाला, "ती कॅसेट मी रिकामी म्हणून लिहिली होती. एकदा तर पुसूनही टाकणार होतो." थोड्या वेळाने म्हणाला, "तेवढं राहू दे. लग्नातलं बाकीचं काढ."

निकाल अर्धवट होता, म्हणून मी वरच्या कोर्टात गेलो. आईला आम्ही काकांना कापायच्या बेताबद्दल काही सांगितले नव्हते. आता सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "वाढणाऱ्याला काढून पंगत कशी रं दाखवशील?" मी म्हणालो, "पण बांध?" ती म्हणाली, "बांधाचं कोर्ट बघंल. पंगतीचं तू बघ."

यावर अपील नव्हते.

मग पुढचे काम भराभर झाले. दोन तासांची पाच प्रकरणे केली : लग्न, औंढा, दसरा, रेल्वे आणि हळद. औंढ्याच्या दृश्यावरचे भक्तिगीत आम्ही काढून टाकले. खाली दुसरा आवाज नव्हता, म्हणून ते दृश्य मुके ठेवले. आबा बोलतात आणि काहीच ऐकू येत नाही. मला ते अधिक खरे वाटले. तबकडी भाजायची वेळ आली. अक्षरे भाजून उमटतात म्हणून त्याला भाजणेच म्हणायचे, असे भाच्याचे मत. तिथेही हळदीसारखेच. घाई केली की बिघडते, म्हणून मंद गतीने भाजायची. मध्येच वीज गेल्याने तीन तबकड्या वाया गेल्या. त्या मी टाकल्या नाहीत. आमच्या गड्याने त्या दोरीला बांधून ज्वारीत टांगल्या. उन्हात लखलखत आणि पाखरे जवळ येत नसत.

कार्यक्रम गावाकडच्या घरी, अंगणात झाला. आईने परस्पर निरोप धाडला होता. काका आले, पण पुढे आले नाहीत, दाराशी घोंगडीवर बसले. भाऊ त्यांच्याकडे न पाहता खुर्च्या मांडत राहिला. पडद्यावर लग्न सुरू झाले आणि हशा पिकला. किती माणसे काळीभोर केसांची होती! जी गेली त्यांची नावे कोणीतरी हळूच घेई आणि सगळे क्षणभर गप्प होत. स्वतःला जिलबी वाढताना पाहून काकांनी मान खाली घातली.

शेवटी हळद आली. वाफ, लाल मुंडासे आणि आबांचा आवाज अंगणभर झाला, "धाकल्या, जाळ कमी कर."

काका उठले. हौदापाशी गेले आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिले. सत्तरीच्या घरातल्या त्या माणसाला 'धाकल्या' म्हणणारे जगात एकच तोंड होते, ते जाऊन सात वर्षे झाली होती. भाऊ मघापासून खुर्च्या मांडत होता. तो पंचा घेऊन हौदाकडे गेला. दोघांचे काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. बहुधा काहीच झाले नसावे.

बांध तिथल्या तिथे मिटला, असे लिहायला मला आवडले असते. दिवाळी अंकातल्या गोष्टीत तो मिटलाही असता. आमचा खटला पुढेही काही वर्षे चालला आणि त्याच्या तारखांना दोन्ही बाजू हजर राहिल्या. फरक इतकाच पडला, की तारखेनंतर कोर्टासमोरच्या टपरीवर आम्ही एकाच बाकावर चहा पिऊ लागलो. त्या दिवशी जाताना काकांनी मला बाजूला घेऊन विचारले होते, "त्याची एखादी जास्तीची आहे का?" त्यांच्याकडे डीव्हीडीचे यंत्र नव्हते, तरी त्यांनी ती तबकडी धोतराच्या सोग्यात गुंडाळून नेली. पुढे कळले, दर पाडव्याला ते शेजारच्याचे यंत्र मागून आणीत.

आता ते सगळेच मागे पडले. जपानमध्ये १९७६ साली निघालेल्या व्हीएचएसची यंत्रे बनवणारा शेवटचा कारखानाही २०१६ साली थांबला. नव्या संगणकांना तबकडीची खाचही नसते. तबकड्याही अमर नव्हेत. ऊन आणि उष्णता त्यांना खाते आणि आमच्या मराठवाड्यात या दोन्हींना तोटा नाही. म्हणून दर दिवाळीला सगळे घर माळा झाडत असताना मी माझी आवराआवर करतो. तो कप्पा उघडतो, प्रत्येक प्रकरण चालवून पाहतो आणि नव्या डिस्कवर एक नक्कल काढतो. भाच्याला आता स्वतःची मुलगी आहे. ती ते अकरा सेकंद मोबाइलवर पाहते आणि कढईकडे बोट दाखवून 'जाळ कमी कर' म्हणते.

परवा तिने मला विचारले, "आजोबा, या फाइलीचं नाव 'रिकामी' का आहे? रिकामी कुठं आहे ही? बदलून देऊ?"

मी घाईघाईने तिचा हात धरला. म्हटले, "नको गं बाई. नाव बदललं की सापडायची नाही."